मुलाखत घेणारी व्यक्ती मोजू नये

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. दोनदा अर्धं लिहून डिलीट केलं. आत्या म्हणाली, "लिहायचंच असेल तर लिही, पण त्या बाई कोण, कुठल्या, हे कळेल असं एक अक्षर यायला नको." मी म्हटलं, अगं, मला तरी कुठे माहितीये! चौदा वर्षांत तिनं घरात कुणाला त्या बाईंचं नाव सांगितलं नाही, रस्ता सांगितला नाही. बाई छापखान्यात प्रूफं तपासायच्या असं मला सांगितलं, पण तेही तिनं बदलूनच सांगितलं असणार. त्या बाबतीत माझा तिच्यावर काडीचा भरवसा नाही. तर आज नाही लिहिलं तर मी कधीच लिहिणार नाही, म्हणून बसलेय.

आत्याचं काम म्हणजे लोकांची दारं वाजवणं. सर्व्हे. यादीत आलेल्या घरी जायचं, बेल मारायची, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची. एकोणीस वर्षं तिच्या पायाला भिंगरी होती. ऑफिसात तिला सगळे बेलबाई म्हणायचे, कारण ज्या घराचं दार कुणालाच उघडत नाही ते घर शेवटी तिच्याकडे यायचं. ती दोनदा छोटी बेल मारायची आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहायची. "दाराला नाक लावून उभं राहिलं की माणूस घाबरतो," असं तिचं म्हणणं. "मागे उभं राहिलं की त्यालाच वाटतं, अरे, ही जाईल बहुतेक. मग उघडतो."

या लोकांची एक जागतिक संघटना आहे. जनमत तपासणाऱ्यांची. त्यात प्रोफेसर, आकडेवाले, मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख असतात. दारोदार फिरणारं त्यात सहसा कुणी नसतं. पण आत्याच्या ऑफिसातल्या मॅडमनी हट्टानं तिचं नाव पाठवलं आणि ती सभासद झाली. ते सर्टिफिकेट तिनं फ्रेम करून फ्रिजच्या वर लावलंय. आणि संघटनेची नियमांची छोटी पुस्तिका, तिला शाळेच्या वहीसारखं कव्हर घालून ती कायम पर्समध्ये. त्यातला एक नियम तिनं असा अंगात मुरवून घेतला होता की बास. उत्तर देणारा माणूस कोण आहे ते बाहेर जाता कामा नये. कधीच. कुणालाच. माझे बाबा चिडवायचे, "ताईला विचारा आज जेवलीस का, तर म्हणेल गोपनीय आहे."

"तू जेवलास का ते विचारलंस तर सांगेन," आत्या म्हणायची. "सगळ्या गल्लीला दिसतंय."

तर त्या बाई. एक मोठा सर्व्हे होता, त्यात दरवर्षी त्याच घरी जायचं, तेच प्रश्न विचारायचे, म्हणजे माणसाचं आयुष्य कसं बदलत जातं ते कळतं. दरवर्षी थंडी सरता सरता दोन आठवडे. बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, एकट्या. पहिल्या वर्षी त्यांनी साखळी न काढता फटीतूनच विचारलं, "काय विकताय?"

"काहीच नाही. विचारायचंय."

"मग आत या. विकणारे विचारत नाहीत, सांगत सुटतात."

आत गेल्यावर तिसऱ्याच प्रश्नाला बाईंनी आत्याला अडवलं. प्रश्न होता, वर्तमानपत्रं आणि सरकारी कार्यालयं यांच्यावर तुमचा किती विश्वास आहे? शून्य ते दहा.

"हे दोन प्रश्न आहेत," बाई म्हणाल्या. "पेपरवर चार. कार्यालयांवर सात. आता तुम्ही एका चौकटीत काय लिहिणार? साडेपाच?"

आयुष्यभर चुका हुडकलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार! आत्यानं ते मॅडमना सांगितलं, मॅडमनी वर कळवलं आणि पुढच्या वर्षी खरंच त्या प्रश्नाचे दोन प्रश्न झाले. आत्यानं ते वाचून दाखवले तेव्हा बाईंनी उठून चहा टाकला. पहिल्या वर्षी नव्हता टाकला.

आणि तो भेटीगाठींचा प्रश्न, तोही पहिल्याच वर्षीचा. तो मला आत्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकून पाठ झालाय. गेल्या महिन्याभरात, घरात राहणाऱ्यांशिवाय, किती माणसं तुम्हाला भेटायला घरी आली?

"एक," बाई म्हणाल्या.

"एक... बरं."

"कोण ते नाही विचारत?"

"नाही, तसा प्रश्न नाहीये."

"तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुम्ही आलात ना!"

आत्यानं सूचना दाखवली. प्रत्येक प्रश्नाखाली बारीक अक्षरात असतात. मुलाखत घेणारी व्यक्ती मोजू नये.

"का? तुम्ही माणूस नाही?"

"आत्ता नाही," आत्या हसून म्हणाली. "मला धरायचं नाही."

बाईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. त्यात चूक सापडते का बघत असतील. नाही सापडली. "मग शून्य लिहा," म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी पुन्हा एक म्हणाल्या आणि स्वतःच जीभ चावली. तिसऱ्या वर्षापासून आत्याला सांगावंच लागलं नाही. "कोणी नाही. तुम्ही मोजायच्या नाही," असं एका दमात, शहाण्या मुलीसारखं. आत्याला तेव्हा त्याची गंमत वाटायची. घरी येऊन सांगायची, नाव न घेता, "माझी एक पोपटीण आहे."

बाकी उत्तरंही तशीच. बाईंना आपण गेल्या वर्षी काय बोललो ते लक्षात असायचं आणि शब्द फिरवणं त्यांना आवडायचं नाही. पेपरवर चार, कार्यालयांवर सात, शेजाऱ्यांवर सहा. तब्येत बरी. घराबाहेर आठवड्यातून दोनदा. भेटायला कोणी नाही. चौदा वर्षं!

एका वर्षी, मला वाटतं नववं असेल, निघताना बाई म्हणाल्या, "मधेच कधीतरी या ना. कागद न आणता."

आत्या दारात थबकली. "नाही हो येता येत. ओळख वाढली की तुम्ही मला बरं वाटेल असं सांगायला लागाल. मग त्या उत्तरांना अर्थ राहत नाही."

"मी तुम्हाला बरं वाटेल म्हणून पेपरला पाच देईन असं वाटतं?"

"नाही देणार," आत्या म्हणाली. "पण नियम आहे."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. "नियम आहे तर आहे." त्या कागद तपासून तपासून म्हाताऱ्या झालेल्या, त्यांना हे लगेच पटलं. तेच तर वाईट आहे ना. पटायला नको होतं.

मग ती परिषद झाली. संघटनेची वार्षिक परिषद, देशोदेशींची माणसं, आणि मॅडमनी आत्याला दहा मिनिटं बोलायला उभं केलं, दार कसं उघडून घ्यायचं या विषयावर. तिनं त्या साडेपाचची गोष्ट सांगितली, एक बाई म्हणून, नाव नाही गाव नाही, आणि कानाला भाषांतराचं यंत्र लावून ऐकणारा तो अख्खा हॉल हसला आणि मग टाळ्या. पुढच्या फेरीत तिनं बाईंना सांगितलं.

"माझं नाव सांगितलंत?"

"छे!"

"बरं केलंत." मग बशी पुसता पुसता, "कुठकुठल्या देशांतले होते म्हणालात?"

आत्यानं आठवतील तेवढे देश सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले. दोन परत विचारले.

हे तेरावं वर्ष. चौदाव्या वर्षी आत्या जाऊन आली आणि दीड महिन्यानं मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅडमचा चेहरा पडलेला. झालं होतं असं की संघटनेनं सगळ्यांना एक नवीन प्रोग्रॅम वापरायला सांगितला होता. काही लोक घरी न जाता चहाच्या दुकानात बसून खोटे फॉर्म भरतात, ते पकडायला. दोन फॉर्म फारच सारखे असले की प्रोग्रॅम लाल खूण करतो. चौदा वर्षांचे चौदा फॉर्म, जवळजवळ शब्दाला शब्द सारखे. लालच लाल.

तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण खूण आली की तपासणीचा फोन करतात, मुलाखत खरंच झाली का ते विचारायला. मॅडमनी तो फोन ऐकवला.

फोनवरचा माणूस घाईत होता. "बाई, गेल्या दोन महिन्यांत तुमच्या घरी कोणी आलं होतं का?"

आणि मग त्या. स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. "नाही. कोणी आलं नाही."

"नक्की? कोणीच नाही?"

"कोणीच नाही. लिहा शून्य."

आत्याला हसूच फुटलं. मॅडम बघतच राहिल्या. "अहो मॅडम, मीच शिकवलंय त्यांना! मला मोजायचं नाही म्हणून! त्यांना वाटलं तोच प्रश्न आहे!" असं म्हणता म्हणता ती रडायला लागली, कारण तिला ते दुसरंही ऐकू आलं होतं. त्या दोन महिन्यांत खरंच दुसरं कुणी आलं नव्हतं.

मॅडमचा विश्वास बसला. पण फाइल आपोआप वर गेली होती, संघटनेच्या समितीकडे, आणि आता मॅडमच्या हातात काही नव्हतं. मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. निकाल लागेपर्यंत आत्यानं त्या बाईंना भेटायचं नाही, फोन करायचा नाही, नाहीतर साक्षीदाराला पढवलं असा अर्थ होईल. आणि आरोप खरा ठरला तर ते चौदाही फॉर्म काढून टाकतील.

"म्हणजे?"

"म्हणजे ते घर यादीतून जाईल. तिथं कोणी राहत होतं असं आपल्या आकड्यांत दिसणार नाही."

आत्या म्हणाली, "मला काढा. आज काढा. पण बाईंना काढू नका." मॅडम म्हणाल्या, "ते वेगळं नाही करता येत गं."

आणि हे मला नीट सांगायचंय, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आत्याला आपल्या नोकरीचं फार वाटत नव्हतं. नाव खराब झालं याचं वाटत होतं, नाही असं नाही, सर्टिफिकेट तिनं उतरवून कपाटाच्या मागे ठेवलं. पण तिचा जीव अडकला होता तो त्या चौदा कागदांत. त्या बाईंचं म्हणणं जगात दुसरं कुणी लिहून घेतलंच नव्हतं. आणि ते राहायला हवं असेल तर बाईंकडे जायचं नाही. एवढा सोपा आणि एवढा दुष्ट हिशोब होता तो.

समिती वर्षातून चारदा बसते. पहिल्या वेळी फॉर्मचं भाषांतर तयार नव्हतं. दुसऱ्या वेळी अध्यक्ष बदलले. तिसऱ्या वेळी आत्याला व्हिडिओवर बोलावलं. तीन देशांतले तिघे, मॅडम दुभाष्या. तिघेही सौम्य होते, वाईट माणसं नव्हती. एकानं विचारलं, "तुम्ही तिथं गेलात हे सांगू शकेल असं कोणी आहे का? शेजारी, ओळखीचं कोणी?"

समोरच्या घरातली बाई जिन्यात दिसायची. आत्याला माहीत होतं. पण शेजारणीला मधे घातलं म्हणजे या बाई सर्व्हेत आहेत हे बाहेर फुटलं. आत्यानं पर्समधून ती पुस्तिका काढून कॅमेऱ्यासमोर धरली. "मी नाही सांगणार. हा तुमचाच नियम आहे. तुम्हीच लिहिलाय."

मग अध्यक्ष म्हणाले की बाहेरून एक स्वतंत्र तपासनीस त्या पत्त्यावर पाठवू, कागदपत्रं व्हायला थोडा वेळ लागेल.

तोवर थंडी सरत आली होती. पंधरावी फेरी सुरू झाली. आत्याच्या बाकीच्या घरी दुसऱ्या पोरी गेल्या. यादीत त्या घरापुढे "स्थगित" लिहिलं होतं, म्हणजे कुणीच जायचं नाही.

ते दोन आठवडे आत्या आमच्याकडेच असायची. बसायची, उठायची, खिडकीत जायची. बाबांना बघवेना.

"ताई, जाऊन ये ना सरळ! कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"अगं लांबून तरी..."

"वहिनी, याला सांग गं," आत्या माझ्या आईला म्हणाली. "मी गेले, आणि उद्या त्या तपासनीसानं विचारलं, तुमच्याकडे ती बाई हल्ली आली होती का, तर त्या खोटं बोलतील का? त्या हो म्हणतील. झालं मग. चौदा वर्षं केरात."

"आणि नाही गेलीस तर त्या वाट बघत बसतील," आई म्हणाली. हळू म्हणाली, पण म्हणाली.

आत्या तशीच चप्पल घालून आपल्या घरी गेली. आम्ही कुणी तिच्या मागे गेलो नाही. माझी परीक्षा होती. बाबांना काम होतं. तिचं घर दोन गल्ल्या सोडून आहे.

तपासनीस पोचला तो फेरी संपून पाच आठवडे झाल्यावर. बेल मारली, कोणी उघडलं नाही. समोरचं दार उघडलं. शेजारीण म्हणाली, त्या गेल्या, तीन आठवडे झाले. त्यानं कसलाही उल्लेख न करता विचारलं, त्यांच्याकडे कोणी यायचं का? शेजारीण म्हणाली, "वर्षातून एकदा एक बाई यायच्या, करड्या पर्सवाल्या. दोनदा बेल वाजवायच्या आणि मागे जिन्यापाशी उभ्या राहायच्या. मला वाटायचं बहीण असेल. बाकी कोणी नाही."

एवढं पुरलं. समितीचं पत्र आलं, तपासनीसाच्या अहवालासकट, आरोप सिद्ध झाला नाही, सर्व माहिती ग्राह्य. चौदाही फॉर्म राहिले. संघटनेनं तपासणीच्या फोनमधला तो प्रश्नही बदलला. मॅडम पत्र घेऊन स्वतः आत्याच्या घरी आल्या. आत्यानं ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "तीन आठवडे? म्हणजे फेरी सुरू होती तेव्हा त्या होत्या?"

"होत्या," मॅडम म्हणाल्या.

"फेरी संपली तेव्हापण?"

"हो गं."

आत्यानं पत्र मॅडमच्या हातात परत दिलं. म्हणाली, "हे तुमच्याकडेच ठेवा."

आता तिला अडवणारा नियम उरला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी ती तिथं गेली. कागद नाही, पेन नाही. तिसरा मजला. शेजारणीनं दार उघडलं आणि बघितल्याबरोबर म्हणाली, "अगंबाई. तुम्ही! उशीर केलात हो."

आत्यानं मान हलवली. मी बहीण नाही, असं ती म्हणालीच नाही.

शेजारणीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि मग कुणी न विचारता भडाभडा बोलायला लागली. थंडी सरताना बाईंनी पडदे धुतले होते. रोज सकाळी केस नीट बांधून बसायच्या. दोनतीनदा दार उघडून हिला विचारलं, बेल वाजली का हो, माझे कान गेलेत की काय? एकदा तर बेलच बिघडली असेल म्हणून हिला दाबून बघायला लावली. वाजत होती चांगली. नंतर नंतर विचारायच्या बंद झाल्या.

"मग मी म्हटलं, एकदा जाऊन बसावं त्यांच्यापाशी," शेजारीण म्हणाली. "इथून तिथं किती, तुम्हीच बघा. आठ पावलं असतील. आज पाहुणे, उद्या अंग दुखतंय. उद्या जाऊ म्हटलं. रोज म्हटलं हो." आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली, एका अनोळखी बाईसमोर. आत्या तिची पाठ थोपटत राहिली. समोरच्या बंद दाराकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

तिनं मला हे सांगितलं ते गेल्या आठवड्यात, मी तिच्याकडे गेले तेव्हा. कित्येक महिन्यांनी गेले. तिनं काम सोडलंय. म्हणाली, "मला कोणी हात धरून अडवलं नव्हतं गं. बाई नाही म्हणाल्या नव्हत्या, मॅडमनीसुद्धा नुसतं बजावलं होतं. मीच शहाणी झाले." मी म्हटलं, आत्या, तू गेली असतीस तर ते फॉर्म गेले असते. ती म्हणाली, "गेले असते. आणि त्यांनी चहा टाकला असता." मी तिचा हात धरून बसले.

तुमचं कोणीतरी असेलच. आत्या, काका, शाळेतल्या जुन्या बाई, समोरच्या दारातलं कोणी. तुम्हाला आत्ता ज्यांचं नाव आठवलं ना, तेच. फोन नको, मेसेज तर नकोच. हे वाचून झालं की उठा आणि जा. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल. फक्त लवकर जा. प्लीज.